रविवारी जेवायला कुठे जायचं?

शनिवारी संध्याकाळी मित्राचा एका शब्दाचा निरोप येतो : "कुठे?"

महिन्यातून एका रविवारी आम्ही दोघं दुपारी बाहेर जेवतो. तो अकोले तालुक्यातला, नोकरीमुळे नगरला आलेला. मी नगरचाच, जुनं घर विकून सावेडीत राहायला गेलेला. (शहराचं नाव कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं आहे, बोलताना तोंडात अजून नगरच येतं.) दोघांची पन्नाशी उलटली आहे, दोघांनाही डॉक्टरांनी पथ्यं सांगितली आहेत, आणि त्या एका रविवारी पथ्याचा विषय काढायचा नाही असं ठरलेलं आहे.

पण 'कुठे'चं उत्तर काही सोपं नसतं. चितळे रोडच्या बाजूला गाडी लावायला जागा मिळत नाही. मनमाड रस्त्यावर रविवारी शिर्डीच्या गाड्यांची गर्दी. एका ठिकाणी मटणाचा रस्सा उत्तम, पण शेवटचा घास तोंडात असतानाच बडीशेपेची वाटी आणि बिल समोर येतं. दुसरीकडे आठ पानांचा मेनू आणि सगळ्या भाज्यांना ग्रेव्ही एकच. तिसरीकडे गाणी एवढ्या मोठ्याने लावलेली, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. आम्हाला हवं असतं एवढंच : बाजरीची भाकरी गरम मिळावी, आणि जेवून झाल्यावर तासभर कुणी उठवू नये.

जागा शोधताना आपण पाट्या वाचत जातो. 'शुद्ध शाकाहारी'. 'खास गावरान मटण'. 'फॅमिली रूमची सोय'. 'परमिट रूम'. 'घरगुती जेवण'. चवीची आणि सोयीची माहिती म्हणून आपण त्या वाचतो. पण यातल्या बऱ्याच पाट्या एका जुन्या प्रश्नाच्या खुणा आहेत : आत कोण बसणार, आणि कोणाच्या शेजारी?

माझी आजी उभ्या आयुष्यात हॉटेलात जेवली नाही. प्रवासाला निघाली की दशम्यांचं गाठोडं आणि फिरकीचा तांब्या बरोबर असायचा. बाहेरचं पाणीसुद्धा तिला चालायचं नाही. मित्राचे वडीलही तरुणपणी हॉटेलात जेवले नाहीत. बाजारच्या दिवशी चहा प्यायचे तो बाहेर, वळचणीला उभं राहून. त्यांची कपबशी वेगळी ठेवलेली असे आणि पिऊन झाल्यावर ती आपणच विसळून जागेवर ठेवायची असे. आजी आत जात नव्हती आणि त्यांना आत घेत नव्हते. नियम एकच होता, टोकं दोन.

त्या दोन घरांतले आम्ही दोघं आता एका टेबलावर बसून भाकरी मोडतो आणि भांडतो कशावरून, तर रस्सा जास्त तिखट कुठला यावरून. हे कसं जमलं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला हवं. मित्राबरोबर रविवारी निवांत जेवायचं म्हटलं तर दोन गोष्टी लागतात : मोकळा रविवार, आणि दोघांनाही बसता येईल असं टेबल. दोन्ही आपल्याला आयत्या मिळाल्या, पण त्या आयत्या आलेल्या नाहीत.

१८९०

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये तेव्हा उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. साप्ताहिक सुट्टी नव्हती. सणावारी गिरणी बंद राहिली तर राहिली. सरकारी कचेऱ्यांना रविवार होता, कारण साहेबाला चर्चला जायचं असे. गिरणी कामगाराला तो का असावा, असा मालकांचा प्रश्न. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि ही मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये हजारो कामगारांची सभा झाली. तिच्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. दर १० जूनला ती फोनवर फिरतेही. पण त्याच १८९० सालातली दुसरी तारीख सहसा तिच्या शेजारी ठेवली जात नाही. ती आहे ४ ऑक्टोबर.

त्या दिवशी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली चाळीसहून अधिक नामवंत मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. सगळं जुळवून आणलं होतं गोपाळराव जोशी यांनी. डॉक्टर आनंदीबाईंचे हे पती, विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध. व्याख्यानानंतर मिशनच्या बायकांनी पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं ठेवली. कुणी चहा प्याले, कुणी नुसता ओठाला लावला, कुणी कप तसाच बाजूला सारला. मग गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि पुण्यात गहजब झाला. ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला मंडळ नेमलं गेलं, प्रायश्चित्तं सांगितली गेली. दोन वर्षं हे चाललं. शेवटी रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांमधली तरुण मंडळी त्यांच्यावर नाराज झाली.

एका कप चहासाठी दोन वर्षं! आज हसू येतं. पण प्रायश्चित्त घेणाऱ्यांकडे थोडं सहानुभूतीनेही पाहायला हवं. वाळीत पडलेल्या माणसाच्या घरी श्राद्धाला भटजी येत नसे, मुलीला स्थळ येत नसे, बहिणीला माहेरी येणं बंद होई. चहा पिणारा एकटा पीत नसे. त्याच्या कपात त्याचं सगळं घर बुडालेलं असे.

म्हणजे एकाच वर्षी जूनमध्ये रविवार मिळाला आणि ऑक्टोबरमध्ये कळलं, की त्या रविवारी कोणाबरोबर बसायचं हे मात्र आपल्या हातात नाही.

नगरमधला एक संसार

पुण्याच्या चहाचा गाजावाजा झाला, कारण तो पुण्यात झाला. आमच्या नगरमध्ये हाच प्रश्न एका घराच्या स्वयंपाकघरात, फारसा आवाज न करता सुटला.

नगरमध्ये १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू होतं. मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा इथेच होत्या. जोतीराव फुले त्या पाहायला आले ते इथे नोकरीला असलेल्या आपल्या मित्राकडे, सदाशिवराव गोवंड्यांकडे. परत गेल्यावर १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. मैत्रीच्या निमित्ताने नगरला येऊन माणसं काहीतरी घेऊन जातात, याचं हे सर्वांत मोठं उदाहरण. याच जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

१८९५ च्या फेब्रुवारीत कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि पुढे ते नगरला मिशनच्या कामात आले. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षं दोघांची ताटातूट झाली. नंतर त्या नगरला आल्या, तेव्हा नवऱ्याच्या गावात राहूनही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं वेगळं. ज्याच्यावर जीव आहे त्याच्या हातचं पाणी चालत नाही, ही विचित्र अवस्था त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या नेहमीच्या हसत्याखेळत्या भाषेत सांगितली आहे. वाचताना हसू येतं आणि पान उलटल्यावर घशात काहीतरी अडकतं.

मग एका प्रवासात त्या विचार करू लागल्या : या जाती देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांत काही तरी फरक दिसला असता, तो तर दिसत नाही. तेव्हा त्या माणसांनीच केल्या असणार. विचार पक्का झाला आणि त्यांनी ठरवून टाकलं, की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. त्या ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये. पण जातीचं खाणंपिणं त्यांनी सोडलं ते त्याच्या आधी. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. धर्म बदलला म्हणून ताट बदललं असं झालं नाही. शेजारच्या माणसाकडे नीट पाहिलं आणि ताट बदललं.

याच जिल्ह्यात, याच काळात, शिर्डीच्या मशिदीत साईबाबा मोठ्या हंडीत स्वतः अन्न शिजवून येईल त्याला वाढत. १९१८ मध्ये ते वारले. पण संताच्या हातून मिळतो तो प्रसाद. तो कोणाच्याही शेजारी बसून खाता येतो, कारण त्या वेळेपुरता नियम बाजूला ठेवलेला असतो. देवळाबाहेर आलं की तो परत लागू होतो. पंढरीच्या वाटेवरही हेच होतं. प्रश्न होता रोजच्या, पैसे देऊन खायच्या जेवणाचा. तिथे देव मध्ये नसतो. असतं ते गिऱ्हाईक, मालक आणि ताट.

पाटी आणि कपबशी

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली आणि नगर मोठ्या जगाला जोडलं गेलं. रेल्वेच्या डब्यात कोण शेजारी बसेल याचा भरवसा नव्हता. पण स्टेशनवर उतरलं की व्यवस्था पुन्हा हजर : हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं, फराळाच्या खोल्याही वेगळ्या. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत ही पद्धत टिकून होती.

शहरांत पोटासाठी आलेल्या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खाणावळी निघाल्या, त्यांच्या पाट्यांवर जातच लिहिलेली असे. ब्राह्मणांची खाणावळ, मराठा खाणावळ, लिंगायत खाणावळ. आज आपण 'घरगुती जेवण' वाचतो तेव्हा कमी तेल, कमी सोडा असा अर्थ घेतो. तेव्हा 'घर' म्हणजे कोणाचं घर, हे सांगणं भाग होतं. स्वयंपाकी कोण, वाढपी कोण, पंगतीला कोण, याची ती हमी होती.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का दिला तो विचारवंतांपेक्षा चहाच्या दुकानांनी. यझ्द आणि केरमानकडून आलेल्या इराणी लोकांनी मुंबई-पुण्यात कोपऱ्या-कोपऱ्यावर हॉटेलं काढली. संगमरवरी पाटाचं टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, आरसे, ब्रून-मस्का आणि चहा. मालक ना हिंदू ना मुसलमान, त्यामुळे त्याच्या दुकानात पंगतीचा प्रश्न थोडा ढिला पडला. पंगतीत शेजारी कोण हे वाढणारा ठरवतो. टेबलावर रिकामी खुर्ची दिसेल तिथे माणूस बसतो. पंगत मोडून टेबल आलं, ही वरवर पाहता लाकूडकामाची गोष्ट आहे, पण त्याने बराच फरक पडला.

मात्र जो उंबऱ्याच्या आतच येऊ शकत नव्हता, त्याला खुर्ची रिकामी असून काय उपयोग? हा प्रश्न सरळ हातात घेतला कोल्हापुरात. नगरपासून हे लांब असलं तरी या गोष्टीला पर्याय नाही. शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे सेवक होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, शिवाय गंगारामांना नोकरीतून मोकळं करून भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज आपली गाडी दुकानासमोर उभी करून चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागे. कामासाठी भेटायला येणाऱ्याला आधी गंगारामचा चहा पिऊन यायला सांगत, असंही सांगतात.

राजा गिऱ्हाईक झाल्यावर नाही कोण म्हणणार? पण प्रत्येक गावात राजा नसतो. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला नाव दिलं 'बलुतं'. गावाची कामं करायची आणि मोबदल्यात धान्याचा वाटा घ्यायचा, दारोदार भाकरी मागायची. त्या शब्दात अन्न आहे, पण ते दारात उभं राहून घ्यायचं अन्न. माझ्या मित्राचं गाव तिथून फार दूर नाही. त्याच्या वडिलांची वेगळी कपबशी ही त्याच व्यवस्थेतली एक लहानशी वस्तू.

कायद्यातली कपबशी

मुंबई प्रांताने १९४६ मध्ये अस्पृश्यांवरचे सामाजिक निर्बंध दूर करण्याचा कायदा केला. मग राज्यघटना आली. तिचा पंधरावा अनुच्छेद शाळेत शिकवतात तो भेदभावाला मनाई करणारा म्हणून. पण त्याचं दुसरं कलम वाचून पाहावं. त्यात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं यांची नावं घेतली आहेत. तिथे जाण्यापासून कोणत्याही नागरिकाला धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून अडवता येणार नाही. त्याच कलमात पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते आहेत. जगातल्या एवढ्या मोठ्या राज्यघटनेला हॉटेलाचा उल्लेख करावा लागला, यावरूनच हॉटेल ही इथे किती गंभीर गोष्ट होती ते कळतं.

२९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत या कलमावर चर्चा झाली. 'दुकान' म्हणजे नक्की काय, असा प्रश्न निघाला. डॉ. आंबेडकरांनी सांगितलं, की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. पैसे घेऊन सेवा देणारा जो कोणी असेल, अगदी धोबी आणि न्हावीसुद्धा, तो त्यात आला. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही संमत झालं.

आणि मग १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा. तो आणखी खोलात गेला. उपाहारगृहात, हॉटेलात, धर्मशाळेत, सराईत किंवा मुसाफिरखान्यात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरण्यापासून कोणाला अडवणं, हा त्याने अपराध ठरवला. १९७६ मध्ये याच कायद्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मित्राला फोन केला. "तुझ्या वडिलांची कपबशी कायद्यात आहे," म्हटलं. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "कायदा पंचावन्नचा ना? मला आठवतंय तेव्हापण ती तिथेच होती. माझा जन्म सत्तरचा."

कायदा होणं आणि कपबशी हलणं यांत किती वर्षं जातात, याचा हिशेब कुठल्या गॅझेटात मिळत नाही. या जिल्ह्यात तर तो विचारतानाही जीभ अडखळते. सोनई २०१३ मधलं, खर्डा २०१४ मधलं. दोन्ही ठिकाणी कोवळी मुलं मारली गेली, आणि कारण काय तर जातीबाहेरचं प्रेम किंवा त्याचा नुसता संशय. एका टेबलावर जेवणं म्हणजे सगळं झालं, असं मानायची सोय आम्हा दोघांना नाही.

किल्ल्यातला चहा

नगरमध्ये मित्राबरोबर निवांत बसण्याचा विषय निघाला आणि भुईकोट किल्ला आठवला नाही, असं होत नाही. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे नेते रेल्वेने इथे आणले गेले. एकूण बारा जण : नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभी सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं आणि ते याच सोबत्यांना अर्पण केलं. अर्पणपत्रिकेत बंदिवासाच्या तारखाही आहेत, ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५.

किल्ल्यात लिहिलेलं दुसरं पुस्तक मराठी वाचकांत तेवढं पोचलेलं नाही : आझादांचं 'गुबार-ए-खातिर'. १९४६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ही पत्रं आहेत, अलीगढकडचे मित्र हबीबुर रहमान खान शेरवानी यांना लिहिलेली. पत्रं बाहेर पाठवायला परवानगी नव्हती. त्यामुळे मौलाना लिहीत आणि ठेवून देत. पहाटे तीन-चारला उठायचं, आपल्या हाताने चहा करायचा आणि मित्राशी बोलायला बसायचं. त्यांचा चहाही खास, मोगऱ्याचा वास दिलेला चिनी चहा, दुधाशिवाय. दूध घालून उकळलेल्या आपल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नाहीत. पानंच्या पानं ते चहावर लिहितात, चिमण्यांवर लिहितात. मधल्या काळात, १९४३ च्या एप्रिलमध्ये, कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. त्याबद्दलही ते लिहितात, त्याच मित्राला.

समोर टेबल नाही, मित्र नाही, रविवार आणि सोमवार यांत काही फरक नाही. तरीही एक जण कप हातात घेऊन दूरच्या मित्राशी निवांत बोलतो आहे. शहरातल्या कुठल्याही हॉटेलची निवड करताना मला मौलानांची ही पहाट आठवते. आपण शोधतो ती जागा चवीची कमी आणि असं बोलता येण्याची जास्त असते. फक्त मौलानांना निवडायला काही नव्हतं आणि आपल्याला आहे.

पडदा, झुणका आणि मंगळवार

निवड मोकळी झाली, तरी पाट्या गेल्या नाहीत, बदलल्या. स्वातंत्र्यानंतर उडुपी हॉटेलांनी राइस प्लेट आणि मसाला डोसा गावोगाव नेला. उसाच्या पैशाने रस्त्यांवर ढाबे आणले. दारूबंदीचे नियम सैल झाले तसे परमिट रूम आले, आणि त्यांच्या शेजारी 'फॅमिली रूम'. ही पाटी म्हणजे बायकांच्या बाहेर जेवण्याचा इतिहासच. आधी त्या हॉटेलात येतच नसत. मग आल्या, पण नवरा-मुलांबरोबर आणि पडद्याआड. दोन मैत्रिणींनी पुढच्या टेबलावर बसून, कुणाची 'फॅमिली' न होता, दोन तास जेवायचं म्हटलं तर तालुक्याच्या गावी आजही माना वळतात. माझी बायको आणि तिची मैत्रीण नगरमध्ये जागा निवडताना चव शेवटी बघतात. आधी बघतात ते बसणारे कोण आहेत आणि स्वच्छतागृह कसं आहे.

आणि निवांतपणा तरी सगळ्यांना कुठे मिळाला? १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर सुकडी वाटली गेली, ती खाऊन माणसं जगली. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली, २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी. तिथे कुणी 'कुठे जायचं' असं विचारत नाही. 'संपली का' असं विचारतं. विडी वळणाऱ्या बाईचा, ऊसतोड्याचा रविवार लोखंड्यांच्या रविवारात अजून आलेला नाही.

आम्हाला वाढणाऱ्याचाही नाही. एकदा आमच्या वाढप्याला विचारलं, तुझी सुट्टी कधी? म्हणाला, "मंगळवार." दुकान कायद्याप्रमाणे आठवड्यातून एक दिवस रजा मिळायलाच हवी. त्याला मिळते. पण त्याच्या मित्रांना मंगळवारी सुट्टी नसते.

त्या रविवारी

मागच्या दिवाळीच्या आसपास मित्राचे वडील त्याच्याकडे राहायला आले होते. त्या महिन्यात 'कुठे?' असा निरोप आला नाही. "बाबांना घेऊन येतो, साधीच जागा बघ," असा आला. मी शहरातली एक साधी जागा सुचवली. तिथे बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे मिळतात, टेबलं लाकडी आहेत आणि कुणी घाई करत नाही.

बाबा ऐंशीच्या पुढचे. धोतर, टोपी, हातात काठी. दारात क्षणभर थांबले. मित्राने कोपर धरलं तसे आत आले आणि भिंतीकडची खुर्ची सोडून रस्त्याकडच्या खिडकीपाशी बसले. जेवले थोडंच; शेंगोळे मात्र दोनदा मागून घेतले. माझ्या आजीचं गाव कुठलं, विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, "तिकडच्या बाजाराला यायचो मी." पुढे बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

शेवटी चहा आला. बशीत ओतून, फुंकर घालून त्यांनी तो सावकाश घेतला. संपल्यावर कपबशी उचलली आणि उभे राहिले. मित्राच्या लक्षात आलं, माझ्याही. त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं होतं की नाही, माहीत नाही. हात आपसूक चालला असावा. वाढपी पुढे आला. "द्या ना बाबा," म्हणाला, आणि हातातली कपबशी घेऊन इतर कपबश्यांच्या ढिगात ठेवून आत गेला.

बाबा परत बसले. आम्ही तिथे आणखी तासभर होतो. उसाचा भाव, पाऊस, नातवाचं कॉलेज, सगळं झालं. बिल आलं ते आम्ही मागितल्यावर.

आता दर महिन्याला मित्र "कुठे?" असं विचारतो, तेव्हा मी बहुधा तीच जागा सांगतो. रस्सा याहून चांगला मिळणाऱ्या जागा शहरात आहेत, हे दोघांनाही माहीत आहे.